रिकामा डबा, नसलेला डबा

‘एवढ्याशा गोष्टीला काय टेस्ट करायचं?’ हे वाक्य मी आजवर तीन प्रकारच्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. एक, मांडवात विजेच्या दोन उघड्या तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणारा वायरमन. दोन, दोनशे पानांच्या आमटीत डोळे मिटून मीठ टाकणारा आचारी. आणि तीन, मेकफाइल लिहिणारा संगणकवाला. यांतल्या पहिल्या दोघांबद्दल मला आदर आहे. वायरमनला झटका बसला तर तो त्याचा त्यालाच बसतो. आचाऱ्याला पहिल्या पंगतीतच वरपिता ऐकवतो. ज्याचं त्याला तिथल्या तिथे मिळतं. संगणकवाल्याचं तसं नसतं. त्याने न तपासलेल्या गोष्टीचा झटका भलत्याच माणसाला, भलत्याच गावी, रात्री दोन वाजता बसतो, आणि त्या वेळी हा गृहस्थ पांघरूण घेऊन झोपलेला असतो.

तेव्हा आज मी भांडायला बसलो आहे. भांडण एका चिन्हावरून आहे. चिन्ह इवलंसं आहे: एक प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून एक बरोबर. असं: ?=. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे, पण आमच्यात त्याला ‘प्रश्नबरोबर’ म्हणतात. एवढ्याशा चिन्हावरून काय भांडायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्या घरातली गेल्या महिन्यातली भांडणं आठवावीत आणि त्यांतली किती चिन्हापेक्षा मोठ्या गोष्टीवरून झाली ते मोजावं.

मेक म्हणजे काय हे ठाऊक नसलेले काही सुखी जीव अजून शिल्लक असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठा प्रोग्रॅम एका फायलीत मावत नाही, शेकडो फायलींत पसरलेला असतो. त्या सगळ्या शिजवून, म्हणजे कंपाइल करून, एकत्र केल्या की प्रोग्रॅम तयार होतो. आता एका फायलीत स्वल्पविराम बदलला म्हणून बाकीच्या शेकडो पुन्हा शिजवायच्या का? सकाळची डाळ तशीच आहे, फक्त कोशिंबीर नवी करायची, तर डाळ पुन्हा कशाला टाका? हे ज्याला कळतं तो मेक. कुठली वस्तू कशापासून होते आणि कशी होते एवढं एका कागदावर लिहून द्यायचं, तो कागद म्हणजे मेकफाइल. काय शिळं झालं आहे ते फायलींवरच्या वेळा बघून मेक ठरवतो आणि तेवढंच नव्याने करतो.

हा मेक १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. त्याची जन्मकथा मोठी गोड आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे त्यांचे सहकारी एके दिवशी दैवाला शिव्या घालत फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्यांची अख्खी सकाळ एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमनही आदल्या संध्याकाळी त्याच खड्ड्यात पडले होते. त्यांनी त्या शनिवार-रविवारात मेक लिहून काढला. मेकफाइलीत काही ओळींच्या आधी टॅबच लागतो, दिसायला हुबेहूब तशाच दिसणाऱ्या मोकळ्या जागा चालत नाहीत, हा जो छळ आम्ही आजतागायत सोसतो आहोत, तोही तेव्हाचाच. फेल्डमन यांना तो लवकरच खटकला होता. पण तोवर त्यांचे डझनभर वापरकर्ते झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून राहू दिला. बारा मित्रांच्या भिडेपायी पुढच्या पिढ्यान् पिढ्या टॅब मोजत बसल्या. भिडेने माणसाचं वाटोळं होतं हे आपल्याकडे नेहमी सांगतात, त्याचा इतका भरभक्कम पुरावा दुसरा नाही. असो. २००३ साली मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. टॅबसाठी नव्हे, असं मी धरून चालतो.

आता प्रश्नबरोबरकडे येतो. मेकफाइलीत व्हेरिएबल असतात. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. ‘साखर = दोन चमचे’ असं लिहिलं की साखर नावाच्या डब्यात दोन चमचे गेले. साधा बरोबर हा आमच्या एका दूरच्या मामांसारखा आहे. तुम्हाला किती साखर लागते, लागते का, डॉक्टरांनी काय सांगितलं आहे, काही विचारत नाही. दोन चमचे टाकून कप हातात. प्रश्नबरोबर मात्र सुसंस्कृत यजमान. ‘साखर ?= दोन चमचे’ म्हणजे: पाहुण्यांनी आधी काही सांगितलं असेल तर मी मध्ये बोलत नाही, काहीच सांगितलं नसेल तर आपले दोन चमचे. किती सभ्य गोष्ट! ज्याला प्रोग्रॅम बांधायचा आहे त्याची इच्छा प्रमाण, त्याने इच्छा सांगितली नसेल तर आमची. ग्नू मेकमध्ये ती आहे, बीएसडी मेकमध्ये आहे, आणि २०२४ च्या पॉसिक्स मानकात तिला रीतसर पाट-पाणीही मिळालं.

अडचण एकच. ‘काहीच सांगितलं नसेल तर’ म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न विचारला की समोरचा संगणकवाला माझ्याकडे, दळण घेऊन गिरणीत आलेल्या माणसाने गव्हाची व्याख्या विचारावी तसा बघतो. ‘नसेल म्हणजे नसेल!’ पण साहेब, नसण्याचे प्रकार असतात. फडताळात साखरेचा डबा आहे आणि तो रिकामा आहे, ही एक गोष्ट. फडताळात साखरेचा डबाच नाही, ही दुसरी. कुठल्याही घरात जा, या दोन गोष्टींवरून होणारी भांडणंसुद्धा वेगवेगळी असतात. पहिलीत ‘वाण्याकडे का गेला नाहीत’ हा विषय असतो, दुसरीत ‘डबा कुणाला दिलात’ हा. मेकचं फडताळ याहून निराळं नाही.

तर ऐका. व्हेरिएबल रिकामं असलं तरी प्रश्नबरोबरच्या लेखी ते ‘आहे’. पाहुणा बोलला आहे. तो ‘काही नको’ असं बोलला आहे. यजमान गप्प. हे मला पटतं. ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रह करकरून वाढण्याची आपली जुनी खोड मेकला नाही, याबद्दल मला त्याचं कौतुकच आहे.

पण त्याच मेकमध्ये, त्याच फायलीत, चार ओळी खाली ‘इफडेफ’ नावाचा दुसरा गृहस्थ बसलेला असतो. त्याचं काम ‘अमुक व्हेरिएबल डिफाइन केलेलं आहे का’ हे बघण्याचं. नावच तसं आहे. आणि हा गृहस्थ रिकाम्या डब्याला काय म्हणतो? ‘नाही’ म्हणतो! एकाच घरात, एकाच फडताळापुढे उभे राहून एक म्हणतो डबा आहे, दुसरा म्हणतो नाही. आणि दोघंही मॅन्युअलप्रमाणे बरोबर. मॅन्युअलमध्ये दोन्ही गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत, फक्त एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर. भांडखोर नातेवाइकांना लग्नात वेगवेगळ्या खोल्या द्याव्यात तशा.

बरं, इफडेफची गंमत इथे संपत नाही. तो डब्याचं झाकण उघडत नाही. एका डब्यात ‘शेजारच्या डब्यात बघा’ अशी चिठ्ठी आहे आणि शेजारचा डबा ठणठणीत रिकामा आहे. इफडेफ चिठ्ठीचा खडखडाट ऐकून सांगतो, ‘आहे हो, भरलेला आहे.’ चिठ्ठीचा शोध घ्यायला तो जात नाही, ते त्याचं खातं नाही. सरकारी कचेरीत अर्ज घेतल्याची पोच देणाऱ्या खिडकीला अर्जाचं पुढे काय झालं हे विचारून बघा, म्हणजे इफडेफचा स्वभाव ध्यानात येईल.

आणि शून्य! संगणकाच्या धंद्यात शून्य म्हणजे ‘नाही’, हे पहिल्या दिवशी शिकवतात. इफडेफला ते शिकवलेलं नाही. त्याच्या लेखी शून्य हे एक अक्षर आहे, अक्षर आहे म्हणजे डब्यात काहीतरी आहे, म्हणजे ‘आहे’. तुम्ही ‘डीबग = ०’ लिहा, ‘डीबग = नको’ लिहा, ‘डीबग = कृपा करून चालू करू नका’ लिहा, इफडेफ तिन्ही वेळा आनंदाने डीबग चालू करतो.

आता माझं रक्त कशाने तापलं ते सांगतो. पूर्वी मी ज्या एका कंपनीत होतो (नाव सांगत नाही, आणि नाव सांगून तुम्हाला फरक पडणार नाही, कारण अशी कंपनी तुमच्याही ओळखीची असणार) तिथे आमच्या शेजारच्या टीममध्ये एक मुलगा नव्यानेच लागला होता. टापटिपीचा. बाकची धूळ पुसून बसणाऱ्यांतला. त्याला जुनी मेकफाइल दिसली. डीबग चालू करायचं की नाही याचा वर कुठेच उल्लेख नव्हता, पन्नास-साठ ओळी खाली मात्र कुणीतरी कधीकाळी ‘इफडेफ डीबग’ लिहून ठेवलं होतं. मुलाने विचार केला, वाचणाऱ्याला कळायला हवं. म्हणून त्याने फायलीच्या अगदी वर, नीट टिप्पणीसकट एक ओळ घातली: ‘डीबग ?= ०’. म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर डीबग बंद. यात चुकीचं काय आहे सांगा! मराठीत वाचलं तरी अर्थ तोच निघतो, इंग्रजीत वाचलं तरी तोच. आणि पोरगा इतका गुणी की त्याने आपल्या लीडला विचारलंसुद्धा, ‘सर, हे सगळ्या प्रकारे चालवून बघू का? अर्धा दिवस लागेल.’

लीड म्हणाले, ‘अरे, एवढ्याशा गोष्टीला काय टेस्ट करायचं? रिलीज आहे परवा.’

त्या दिवसापासून त्या कंपनीत डीबग बंद करणं जवळजवळ अशक्य झालं. कुणी काही सांगितलं नाही तर डब्यात शून्य, शून्य म्हणजे इफडेफच्या लेखी ‘आहे’, म्हणजे डीबग चालू. कुणी मुद्दाम ‘डीबग=१’ दिलं तर चालू. कुणी मुद्दाम ‘डीबग=०’ दिलं तरी चालू. बंद करायचा एकच मार्ग उरला होता: ‘डीबग=’ असं लिहून पुढे काहीही न लिहिणं. आणि हे असलं अर्धवट वाक्य शहाणा माणूस कशाला लिहील? माल गिऱ्हाइकाकडे गेला. प्रत्येक व्यवहाराची बारीकसारीक नोंद तो फायलीत लिहीत सुटला, आणि शनिवारी रात्री त्या गिऱ्हाइकाची डिस्क भरून सगळं बंद पडलं.

सोमवारी मीटिंग झाली. मीटिंगमध्ये प्रत्येक जण इतका गंभीर होता की मला कुणाचं तरी बारावं असल्यासारखं वाटलं. शेवटचा बदल कुणाचा हे पडद्यावर दाखवलं गेलं. मुलाचं नाव. मी दुसऱ्या टीमचा असलो तरी बोललो. म्हटलं, ‘अहो, त्याने विचारलं होतं. अर्धा दिवस मागितला होता.’ मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण त्याने सावध असायला हवं होतं.’ सावध म्हणजे काय असायला हवं होतं? सावधपणा म्हणजे चालवून बघणं, आणि चालवून बघायला तर तुम्हीच नाही म्हणालात! पण वर्षाअखेरीच्या कागदावर त्या मुलाच्या नावापुढे ‘काळजीपूर्वक काम करण्याची गरज’ असा शेरा पडला, आणि पगारवाढ त्या शेऱ्याला शोभेल अशी झाली. लीडच्या कागदावर काय होतं मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी ते मॅनेजर झाले, यावरून अंदाज बांधावा.

माझा राग मेकवर नाही. मेक जसा आहे तसा आहे, पन्नास वर्षांचं खोड. माझा राग ‘एवढ्याशा’ या शब्दावर आहे. ओळ किती लांब आहे यावरून तिचा धोका मोजणारी ही जात आहे. तिला पाचशे ओळींचा बदल दाखवा, लगेच चष्मा पुसून वाचायला बसेल, तीन बैठका घेईल. एक ओळ दाखवली की ‘ठीक आहे, घाल.’ दरवाजाची कडी दरवाजापेक्षा पुष्कळ लहान असते हो!

या जातीचं आवडतं उत्तर म्हणजे ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ चालणारच. मेक उघडताक्षणी तुमच्या शेलमधली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उचलून आपल्या फडताळात मांडतो. तुम्ही तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी प्रोजेक्टसाठी एक व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून ठेवलेलं असतं, ते विसरून गेलेले असता. प्रश्नबरोबर ते बघतो, ‘पाहुणा बोललेला आहे’ म्हणतो आणि गप्प बसतो. तुमच्या मशीनवर जे चालतं ते तुमच्या मेकफाइलीमुळे नव्हे, तुमच्या विसराळूपणामुळे. ते गिऱ्हाइकाला कसं पाठवणार?

आणि मेकचं आधीच भरून ठेवलेलं फडताळही असतं, ते वेगळंच. ‘सीसी’ हे नाव घ्या. सी भाषेचा कंपायलर कुठला, हे त्या डब्यात असतं. असंख्य मेकफाइलींत ‘सीसी ?= जीसीसी’ अशी ओळ मी पाहिली आहे. लिहिणाऱ्याची भावना अशी की कुणी सांगितलं नाही तर जीसीसी वापरा. पण ग्नू मेकमध्ये सीसीचा डबा जन्मतःच भरलेला असतो. त्यात लहान अक्षरांत ‘सीसी’ असतं. तो मेकने स्वतः भरलेला असला तरी भरलेलाच. प्रश्नबरोबर बघतो, डबा आहे, आणि पुढे जातो. ती ओळ तिथे वर्षानुवर्षं नुसती उभी असते, सोसायटीच्या दारातल्या, निवृत्तीनंतरही गणवेश घालून बसणाऱ्या वॉचमनसारखी. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पुष्कळ लिनक्स मशीनवर ‘सीसी’ म्हणजे जीसीसीलाच लावलेलं दुसरं नाव असतं. मग एक दिवस कुणीतरी ‘सीसी ?= क्लँग’ लिहितो आणि जीसीसीच चालताना पाहून आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. बरोबर शेजारी ‘सीफ्लॅग्ज ?=’ अशी ओळ असते, ती मात्र ठरल्याप्रमाणे काम करते, कारण सीफ्लॅग्जचा डबा मेक आधी भरत नाही. एकाच पंगतीतल्या दोन पानांवर दोन न्याय! हे अंदाजाने कळत नाही हो. चालवून बघावंच लागतं.

सीफ्लॅग्जचा विषय निघाला आहे तर एक गंभीर गोष्ट सांगतो. हसणं थोडं बाजूला ठेवा. डेबियनसारख्या वितरणात हजारो प्रोग्रॅम एकगठ्ठा बांधले जातात. त्यांत कुणी बाहेरून घुसखोरी करू नये म्हणून कंपायलरला काही संरक्षक सूचना द्याव्या लागतात: स्टॅकवर पहारा ठेव, मर्यादेबाहेर लिहू देऊ नको, वगैरे. त्या सूचना एकेक मेकफाइल दुरुस्त करून घालत बसणं अशक्य, म्हणून त्या सीफ्लॅग्जमधून बाहेरून दिल्या जातात. आता एखाद्या लेखकाने आपल्या मेकफाइलीत प्रश्नबरोबरऐवजी साधा बरोबर लिहिला असेल, तर काय होतं? मेकफाइलीतला साधा बरोबर एन्व्हायर्नमेंटवर मात करतो. बाहेरून आलेल्या सूचना केरात. प्रोग्रॅम बांधला जातो, चालतो, कुठेही चुकीचा संदेश येत नाही, फक्त पहारेकरी जागेवर नसतो. घरात चोर शिरेपर्यंत कुलूप नसल्याचं कळू नये, तसं. म्हणून डेबियनवाल्यांनी बांधणीच्या नोंदी वाचून संरक्षक सूचना खरंच पोचल्या का, हे तपासणारं एक हत्यारच ठेवलं आहे. म्हणजे ‘एवढ्याशा गोष्टीला’ तपासणारी शहाणी माणसं जगात आहेत. आपल्या मजल्यावर नाहीत, इतकंच.

यावर उपाय म्हणून काही उत्साही मंडळी सगळंच प्रश्नबरोबरमध्ये कोंबतात. प्रोग्रॅमला जगायला आवश्यक असलेल्या सूचना, म्हणजे हेडर फायली कुठे आहेत वगैरे, त्यासुद्धा ‘सीफ्लॅग्ज ?=’ च्या पुढे. मग कुणी बिचाऱ्याने आपले सीफ्लॅग्ज दिले की यजमान सभ्यपणे गप्प बसतो आणि प्रोग्रॅम हेडर शोधत फिरतो. ‘साखर कमी’ सांगितलं म्हणून कपातून चहापूडही काढून घेतल्यासारखं. अधिकचिन्हाने मागाहून भर घालू म्हणाल, तर कमांड लाइनवरून दिलेल्या व्हेरिएबलमध्ये मेकफाइलीतली भर पडत नाही. त्यासाठी ‘ओव्हरराइड’ लिहावं लागतं. ग्नूच्या लेखनसंकेतांत साधी गोष्ट सांगितली आहे: जे आवश्यकच आहे ते सीफ्लॅग्जमध्ये ठेवू नका, तो डबा वापरणाऱ्यासाठी मोकळा सोडा. हे ज्यांनी वाचलं त्यांची संख्या आणि हे ज्यांनी पाळलं त्यांची संख्या, यांतलं अंतर तेवढंच, जेवढं डायबिटीसच्या पथ्याच्या बाबतीत असतं.

‘मग मेक सोडा आणि सीमेक घ्या,’ असं सांगणारे एक गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतात. घ्या की! सीमेकमध्ये कॅश नावाची वही आहे. त्या वहीत एकदा नोंद पडली की मेकच्या प्रश्नबरोबरसारखंच होतं: फायलीत तुम्ही ठेवलेली मूळ किंमत बदला, वहीत जुनी किंमत असेल तर तीच चालू राहते. गेल्या दिवाळीला आलेला पाहुणा अजून माडीवरच आहे आणि तुम्ही खाली त्याची खोली भाड्याने देता आहात! आणि शेलमध्ये जा. तिथे व्हेरिएबल नसेल तर अमुक घे असं सांगायला वजाचिन्ह, आणि नसेल किंवा रिकामं असेल तर अमुक घे असं सांगायला वजाचिन्हाच्या आधी कोलन. अगदी विसर्गासारखे दोन ठिपके. दोन ठिपक्यांनी रिकामा डबा आणि नसलेला डबा वेगळे होतात. शेल लिहिणाऱ्यांना हा फरक दिसला होता, त्यांनी त्याची सोय केली. वापरणाऱ्यांनी त्या ठिपक्यांकडे शुद्धलेखनाच्या दृष्टीने पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

‘हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे,’ हा दुसरा मुद्दा. आहे. मी मघाशीच कबूल केलं. पण मॅन्युअल वाचणं म्हणजे टेस्ट करणं नव्हे. पाककृतीचं पुस्तक वाचून कुणाचं पोट भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि ‘हे असलं टेस्ट करायचं तरी कसं’ असं म्हणाल, तर तेवढं सोपं या धंद्यात दुसरं काही नाही. मुख्य मेकफाइलीला हात लावू नका. बाजूला एक चिमुकली मेकफाइल करा. तिच्यात प्रश्नबरोबरची ती एक ओळ, खाली इफडेफ, आणि खाली ‘इन्फो’ वापरून दोन गोष्टी छापा: व्हेरिएबलची किंमत, आणि त्याचा ‘ओरिजिन’. हा ओरिजिन म्हणजे मेकमधलं सर्वांत प्रामाणिक खातं. डबा कुणी भरला हे तो सांगतो: मेकफाइलीने, एन्व्हायर्नमेंटने, कमांड लाइनने, की मेकच्या स्वतःच्या साठ्यातून आला, की डबाच नाही. लग्नघरातल्या आहेराच्या यादीसारखं, कुणाकडून काय आलं ते लिहिलेलं. ‘सीसी’चा ओरिजिन छापून बघा, ‘डिफॉल्ट’ असं उत्तर येईल आणि त्या गणवेशातल्या वॉचमनचा उलगडा होईल. तिथे प्रश्नबरोबर नको. ‘ओरिजिन डिफॉल्ट असेल तर जीसीसी’ अशी स्पष्ट अट घाला.

मग ती चिमुकली मेकफाइल चालवा. काहीच न देता एकदा. एन्व्हायर्नमेंटमधून किंमत देऊन एकदा. एन्व्हायर्नमेंटमध्ये रिकामं ठेवून एकदा. कमांड लाइनवरून किंमत देऊन, कमांड लाइनवरून रिकामं देऊन, आणि शून्य देऊन. सहा वेळा एंटर दाबायचं. त्या मुलाने अर्धा दिवस मागितला होता तो भिडस्तपणाने जास्तच मागितला होता. चहा निवायच्या आत होतं. त्या सहा ओळी पडद्यावर आल्या असत्या तर सहांपैकी चार ठिकाणी डीबग चालू आणि फक्त दोन रिकाम्या ठिकाणी बंद, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. त्यावरचा इलाजही एका ओळीचा होता: ‘डिफाइन केलेलं आहे का’ हे विचारायचं सोडून ‘किंमत एक आहे का’ हे विचारायचं. इफडेफच्या जागी इफइक्यू. बस.

एक सूचना मात्र करतो, आणि ती कळकळीची आहे. किंमत छापताना ती चौकटी कंसात छापा. उगाच नव्हे. परवा एका मित्राने ओळ दाखवली: ‘मोड ?= जलद’, आणि पुढे चार मोकळ्या जागा सोडून नीट रांगेत लावलेली टिप्पणी. खाली ‘मोड जलद आहे का’ अशी इफइक्यूची अट, आणि ती अट काही केल्या खरी होईना. तो मला म्हणाला, ‘अरे, जलदच तर लिहिलंय, तूच वाच!’ मी वाचलं, जलदच होतं. मग कंस घालून छापलं तेव्हा पडद्यावर आलं: [जलद    ]. टिप्पणी मेकने टाकून दिली होती, तिच्या आधीच्या चार मोकळ्या जागा मात्र सांभाळून ठेवल्या होत्या.